स्नायू सावरण्यासाठी हळद, आले, डाळिंब आणि बीट: खेळाडूंनी काय, किती आणि केव्हा घ्यावे

यवतेश्वरचा घाट चढून साताऱ्यात परत उतरणाऱ्या धावपटूला चढाचा दम त्याच दिवशी जाणवतो, उताराचा त्रास मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सुरू होतो. उतारावर मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा सगळा भार रोखून धरतात आणि या ताणामुळे स्नायुतंतूंच्या आत सूक्ष्म इजा होतात. पुढच्या काही तासांत तेथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज येते, मोडलेला भाग साफ केला जातो आणि मग नव्याने बांधणी सुरू होते. अंग आंबल्याची वेदना साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते, आणि ती ओसरली तरी स्नायूंची ताकद पूर्ण परत यायला आणखी काही दिवस लागू शकतात. नव्याने बैठका घालणारा मल्ल असो, सुट्टीनंतर मैदानात उतरलेला कबड्डीपटू असो, प्रक्रिया हीच असते.

रोजच्या जेवणातील काही वनस्पतींमध्ये ही सूज आवरण्यास मदत करणारी संयुगे असतात. हळदीतील कर्क्युमिन, आल्यातील जिंजेरॉल, डाळिंबातील एलाजिटॅनिन, जांभूळ आणि काळ्या द्राक्षांना रंग देणारी अँथोसायनिन ही त्यांपैकी महत्त्वाची. ही संयुगे शरीरातील घातक कणांना थेट निष्प्रभ करतात, असे पूर्वी मानले जाई. परंतु रक्तात त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. त्यांचा मुख्य परिणाम पेशींमधील संदेशयंत्रणेवर होतो: सूज चेतवणारा एनएफ-कप्पा-बी हा मार्ग मंदावतो आणि पेशीची स्वतःची संरक्षक विकरे (एन्झाइम) तयार करवणारा एनआरएफ-टू हा मार्ग जागा होतो. हा फरक समजून घेणे आवश्यक आहे, कारण कोणता पदार्थ केव्हा घ्यायचा आणि केव्हा टाळायचा, हे त्यावरच ठरते.

आधी प्रथिने, पिष्टमय पदार्थ आणि झोप

ज्याच्या आहारात प्रथिनेच अपुरी आहेत, त्याने हळदीच्या दुधावर भरवसा ठेवू नये. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूला दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या धावपटूला ७२ ते १२० ग्रॅम. एका वाटी घट्ट वरणातून किंवा उसळीतून सहा ते आठ ग्रॅम आणि एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, हे लक्षात घेतले तर पोळी-भाजी आणि थोडे वरण एवढ्यावर हा हिशेब जमत नाही, हे उघड आहे. सरावानंतरच्या जेवणात किंवा न्याहारीत २० ते २५ ग्रॅम प्रथिने असावीत; दोन अंडी आणि एक मोठा पेला दूध यांतून वीस ग्रॅम होतात. शाकाहारी व्यक्तीने पनीर, दही, मोड आलेली कडधान्ये आणि सोयाबीन यांचा विचारपूर्वक मेळ घालावा.

पिष्टमय पदार्थ टाळून वजन उतरवण्याच्या नादात अनेक होतकरू खेळाडू स्वतःचेच नुकसान करून घेतात. त्याच दिवशी पुन्हा खेळायचे असेल, तर पहिल्या चार तासांत दर तासाला प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावेत, म्हणजे स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या इंधनाचा, साठा लवकर भरतो. पोहे, केळी, मऊ भात, गूळ घातलेली नाचणीची पेज, हे सगळे त्यासाठी चालते. झोपेबद्दल वेगळे सांगायला नको. ती कमी पडली तर पुढचे काहीही तिची जागा घेऊ शकत नाही.

रोजचा सराव आणि स्पर्धा यांचे नियम वेगळे

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. व्यायामानंतरची सूज आणि त्या वेळी तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे कण हे केवळ नुकसानकारक नसतात. ‘ताण आला आहे, आता अधिक बळकट हो’ हा संदेश स्नायूंना त्यांच्याकडूनच मिळतो. जर्मनीतील येना येथे झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व देण्यात आले. व्यायामामुळे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो, तो लाभ गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये दिसला आणि गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दिसला नाही. नॉर्वेमधील २०१४ च्या अभ्यासातही अशाच गोळ्यांमुळे स्नायूंतील ऊर्जानिर्मितीशी संबंधित प्रथिनांची अपेक्षित वाढ खुंटली. धावण्याच्या क्षमतेत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

या गोळ्या आणि ताटातील आवळा एकच नव्हेत. जेवणातील भाज्या, फळे आणि मसाले यांमुळे सरावाचा लाभ बुडतो, असे या अभ्यासांतून निघत नाही. त्यातून निघणारा व्यावहारिक नियम असा: ज्या महिन्यांत सरावातून ताकद आणि दम वाढवायचा आहे, त्या काळात ही संयुगे केवळ अन्नातून घ्यावीत आणि संहत (आटवून घट्ट केलेले) रस, अर्क किंवा गोळ्या बाजूला ठेवाव्यात. एका दिवशी दोन कुस्त्या लढायच्या आहेत, तीन दिवस सलग कबड्डीचे सामने आहेत किंवा मॅरेथॉन तोंडावर आली आहे, अशा वेळी मात्र बळकटी वाढवणे हा हेतू नसतो, लवकर सावरणे हा असतो. तेव्हा रसाचे प्रमाण काही दिवसांपुरते वाढवणे योग्य ठरते. वर्षाचे बाराही महिने सारखीच मात्रा घेणे मला चुकीचे वाटते.

हळद

हळदीबद्दल आपल्याकडे जितका विश्वास आहे, तितकी मोजणी नाही. हळदपुडीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद तिच्यातील अधिक कर्क्युमिनसाठी ओळखली जाते आणि तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी सामान्य हळदीचा तीन ग्रॅमचा एक चमचा घेतला, तर त्यातून सुमारे ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात जाते. स्नायूंच्या वेदनेवर ज्या चाचण्यांत परिणाम दिसला, त्यांत बहुधा रोज काही शे मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक कर्क्युमिन, तेही शोषण वाढवणाऱ्या स्वरूपात दिलेले असते. त्यामुळे रात्रीच्या दुधात चिमूटभर हळद घातल्याने दुसऱ्या दिवशी पाय दुखणार नाहीत, अशी अपेक्षा ठेवू नये. रोजच्या स्वयंपाकातील हळदीचा उपयोग आहे, परंतु तो संथ आणि अल्प आहे.

शिवाय कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते आणि जे जाते त्याला यकृत लगेच रूपांतरित करून बाहेर काढते. काळ्या मिरीतील पिपरीन हे रूपांतर रोखते. बंगळूरमधील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यास माणसांमध्ये कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. मिरीत पिपरीन सुमारे पाच टक्के असते, म्हणजे २० मिलिग्रॅमसाठी सात-आठ मिरे पुरतात. कर्क्युमिन पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून तूप किंवा तेलही सोबत हवे.

आपल्या स्वयंपाकात एक छोटासा बदल सहज करता येतो. बहुतेक घरांत डाळ कुकरला लावतानाच तिच्यात हळद आणि हिंग घालतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासात शिजवताना हळदीतील कर्क्युमिन २७ ते ५३ टक्के कमी होते असे आढळले, आणि सर्वाधिक घट दहा मिनिटे कुकरमध्ये शिजवल्याने झाली. चिंच घातल्यावर ही घट कमी होती. म्हणून डाळ नुसती शिजवून घ्यावी. नंतर कढल्यात दोन चमचे तेल किंवा तूप तापवावे, मोहरी-जिरे तडतडले की आच बंद करावी, मग अर्धा ते पाऊण चमचा हळद आणि ताजी भरडलेली मिरी घालून लगेच ती फोडणी आमटीवर ओतावी आणि चिंचेचा कोळ घालून एकच उकळी आणावी. हळद तेलात काळपट होऊ देऊ नये; ती करपली की चवही जाते आणि गुणही.

हळदीचे दूध करायचे असल्यास पेलाभर दुधाला पाऊण चमचा हळद, पाव चमचा मिरपूड आणि अर्धा चमचा तूप घ्यावे. हळद आणि मिरी तुपात कालवून घट्ट लेप करावा, त्यावर कडकडीत तापलेले दूध ओतावे आणि ढवळत पाच मिनिटांनी प्यावे. त्या पेल्यातील आठ ग्रॅम प्रथिने हाच माझ्या मते त्याचा सर्वांत खात्रीचा गुण आहे.

हळद घेताना भेसळीकडे डोळेझाक करू नये. पिवळा रंग उठून दिसावा म्हणून हळकुंडांना किंवा पुडीला शिशाचे क्रोमेट लावण्याचे प्रकार भारतीय उपखंडात उघड झाले आहेत, आणि शिसे हे विष आहे. अति भडक रंगाची सुटी हळद टाळावी. शक्य असेल तेथे ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडे घेऊन ती दळून आणावीत, नाहीतर परवानाधारक उत्पादकाचे सीलबंद पाकीट घ्यावे.

आले

स्नायूंच्या वेदनेसाठी स्वयंपाकघरातील पदार्थांमध्ये आल्याचा आधार मला हळदीपेक्षा अधिक थेट वाटतो, कारण येथे चाचणीतील मात्रा ताटात सहज येऊ शकते. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या २०१० मधील अभ्यासात रोज दोन ग्रॅम आले ११ दिवस देण्यात आले आणि हाताच्या स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामानंतर २४ तासांनी वेदना सुमारे एक चतुर्थांशाने कमी नोंदवली गेली. कच्चे आणि उष्णता दिलेले आले यांच्या परिणामात विशेष फरक नव्हता. त्याच संशोधकांना एकाच मात्रेनंतर त्या दिवशी मात्र वेदनेत फरक दिसला नाही. म्हणजे आले हे दुखायला लागल्यावर घ्यायचे औषध नव्हे. ते आधीपासून, रोज, थोडे थोडे घ्यायला हवे.

दोन ग्रॅम सुंठपूड म्हणजे एक लहान सपाट चमचा. ओल्या आल्यात पाणी भरपूर असल्याने तेवढ्यासाठी सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा लागतो. तो दिवसभरात वाटून घ्यावा: सकाळी किसून गरम पाण्यात लिंबासोबत, दुपारी भाजीच्या वाटणात, संध्याकाळी गुळाबरोबर सुंठ. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये.

डाळिंब, बीट आणि गडद रंगाची फळे

टेक्सास विद्यापीठात व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांना डाळिंबाचा रस २५० मिलिलिटर दिवसातून दोनदा दिला गेला, तेव्हा कोपराच्या स्नायूंची वेदना कमी झाली आणि ताकद टिकली, परंतु गुडघ्याच्या स्नायूंमध्ये तसा फरक आढळला नाही. चालण्या-उठण्यात रोज वापरले जाणारे पाय आणि तुलनेने कमी ताण सोसणारे हात यांचा प्रतिसाद वेगळा असू शकतो, हे धावपटूंनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे सोलापूर-सांगोल्याचे डाळिंब सहज मिळते, पण त्यातही एक बारकावा आहे. डाळिंबातील प्युनिकॅलॅजिन हे प्रमुख संयुग दाण्यांपेक्षा सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात जास्त असते. कारखान्यात अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात ते अधिक उतरते, घरी सोललेल्या दाण्यांच्या रसात कमी. म्हणून दाणे काढताना आतील पिवळसर पापुद्रा अगदी निगुतीने काढून टाकण्याची गरज नाही. थोडा तुरटपणा सोसावा. दाणे मिक्सरमध्ये क्षणभरच फिरवून गाळावेत. बी पूर्ण वाटली गेली तर रस कडवट होतो. बाजारातील रस घेताना साखर घातलेली आहे का, ते वेष्टनावर वाचावे.

या फळांच्या वर्गातील सर्वाधिक अभ्यासलेला पदार्थ म्हणजे आंबट चेरीचा रस. लंडन मॅरेथॉन धावणाऱ्या २० हौशी धावपटूंवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो आधीचे पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस देण्यात आला. स्नायूंची ताकद लवकर परतली आणि रक्तातील सुजेची चिन्हे कमी राहिली. वेदनेत मात्र गटांमध्ये फरक नव्हता. ती चेरी आपल्या बाजारात सहसा मिळत नाही, मात्र अँथोसायनिन जांभूळ, करवंद, काळी द्राक्षे, काळे मनुके आणि कोकमातही असतात. कोकमाला मी औषध म्हणून नव्हे, तर पेय म्हणून जागा देतो: घामाने गेलेले पाणी, मीठ आणि थोडी साखर एका पेल्यात परत मिळते आणि उकाड्यात ते घशाखाली सहज उतरते.

बिटाचे काम दुहेरी आहे. त्यातील नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइडमध्ये बदलते आणि रक्तवाहिन्या सैल होतात. लाल रंग देणारी बीटालेन सुजेवर काम करतात. नायट्रेटच्या बदलाची पहिली पायरी जिभेवरील जिवाणू पार पाडतात, त्यामुळे बिटाच्या रसाच्या आधी किंवा नंतर जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली, तर हा लाभ बराचसा वाया जातो. धावण्याच्या दोन ते तीन तास आधी रस घ्यावा. बीट उकडून पाणी फेकले की नायट्रेटही त्यासोबत जाते, म्हणून ते वाफवावे किंवा किसून कोशिंबीर करावी.

मॅरेथॉनचा आठवडा

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतील रविवारी असते, तेव्हा तिचाच दाखला घेऊ. आल्याची रोजची मात्रा आधीच्या आठवड्यापासूनच सुरू असावी. मंगळवारपासून शनिवारपर्यंत रोज दोन वेळा पेलाभर डाळिंबाचा रस घ्यावा; जानेवारीत जांभूळ नसते, परंतु मृग बहाराचे डाळिंब असते आणि काळी द्राक्षेही येऊ लागतात. गुरुवारपासून चोथा असलेले पदार्थ कमी करावेत. शर्यतीच्या सकाळी पोटाला सवय नसलेली कोणतीही गोष्ट घेऊ नये. बिटाचा रस लांब पल्ल्याच्या सरावात किमान दोन-तीनदा पचवून पाहिला असेल तरच घ्यावा. रविवारी दुपारी आधी भात, वरण, दही किंवा अंडी, मग रस. सोमवार आणि मंगळवारी रस चालू ठेवावा आणि बुधवारपासून पुन्हा साध्या जेवणावर यावे.

धावण्याआधी ‘दुखू नये म्हणून’ आयब्युप्रोफेनची गोळी घेण्याची पद्धत सर्रास दिसते. शरीरातील पाणी कमी झालेले असताना ही गोळी मूत्रपिंडावर भार टाकते. ती घेऊ नये.

सांभाळायच्या गोष्टी

पॉलिफेनॉल (वर सांगितलेली बहुतेक वनस्पतिजन्य संयुगे याच गटातील) सर्वत्र हितकारक नसतात. जेवणासोबत घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे डाळी-पालेभाज्यांमधील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते. धावणाऱ्या मुलींमध्ये लोहाची कमतरता वारंवार आढळते, म्हणून त्यांनी जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे आणि जेवताना लिंबू पिळावे किंवा आवळा खावा.

कोल्हापूरच्या तालमींत कुंडीत घोटलेली थंडाई ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि बदाम-दुधाची ती खुराक उत्तम आहे. मात्र तिच्यातील खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि मॉर्फिन स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहे. उत्तेजक चाचणी होणार असलेल्या स्पर्धेच्या आधीचे काही दिवस थंडाईतून खसखस वगळावी. भांगही स्पर्धाकाळात प्रतिबंधितच आहे. ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ असे लिहिलेल्या डब्यांवरही विसंबू नये: हायजेनामाइन हे वनस्पतींत आढळणारे संयुग जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत प्रतिबंधित आहे, आणि नमुन्यात काही सापडले तर ते कसे आले यापेक्षा ते खेळाडूच्या शरीरात होते, हीच गोष्ट आधी धरली जाते.

कर्क्युमिनच्या संहत गोळ्या, विशेषतः मिरीच्या अर्कासह, घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. मुतखडा होऊन गेलेल्यांनी बीट आणि हळद दोन्ही बेताने घ्यावे, कारण दोहोंत ऑक्झलेट असते.

आपल्याला उपयोग होतो की नाही, हे वहीत लिहूनच कळते. कठीण सरावानंतर २४, ४८ आणि ७२ तासांनी तीन गोष्टी नोंदवाव्यात: जिना उतरताना मांडीत किती दुखते, हे शून्य ते दहामध्ये, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायला किती सेकंद लागतात, आणि रात्रीची झोप. एका वेळी एकच पदार्थ बदलावा, नाहीतर गुण कशाचा, ते ठरवता येत नाही. बीट खाल्ल्यानंतर काही जणांच्या लघवीला गुलाबी छटा येते आणि ती निरुपद्रवी असते. परंतु अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, स्नायू ताठरले किंवा सुजले आणि वेदना दर तासाला वाढत गेली, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडे निकामी होण्याचा तो इशारा असू शकतो.